टँकरसाठी भाजलेले स्कोन

आमच्या गल्लीचे किस्से सांगायला बसलं की नळावरच्या घागरींसारखी रांग लागते! नळ कोरडा, मग रांगेत उभं राहून दुसरं करणार काय?

लातूर नुकताच जिल्हा झालेला. नवे कलेक्टर साहेब आले, त्यांच्या बाईसाहेब आल्या. दुष्काळ आधीच येऊन बसलेला! टँकर मात्र मोठ्या रस्त्यावरूनच परत जायचा. बाईसाहेब महिला मंडळात येणार म्हटल्यावर आमच्या अध्यक्षा शिवामावशी म्हणाल्या, "आता टँकर गल्लीत आणायचाच. काय आवडतंय त्यांना?"

"स्कोन," साहेबांच्या ड्रायव्हरची बायको म्हणाली.

"ते काय असतंय गं?"

मी होम सायन्सवाली. "जाडं, मऊ बिस्कीट," म्हणाले आणि अडकले!

*

"वरून अंडं फिरवायचं," मी सांगितलं.

"अगं बाई! गळ्यात लिंग हाय माझ्या!" मावशी म्हणाल्या.

अंडं गेलं. "मग दूध?"

"म्हशी आटल्या."

"लोणी तरी?"

"दूध न्हाई तर लोणी कुठनं येतंय, होम सायन्स?"

उरला मैदा, डालडा आणि माझी डिग्री.

*

ओव्हन कुणाच्या बापाकडं होता? दिवाळीच्या नानकटाईसारखे आम्ही ट्रे घेऊन करीमचाचाच्या भट्टीवर गेलो. ट्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येकीची खूण असते. कुणी बोट दाबलं, कुणी काट्यानं टोचलं. मावशींनी विभूतीसारखे तीन पट्टे ओढले!

चाचा आतून ओरडला, "ये शंकरवाले किसके जी? फूलेच नै!"

"फुगतील! देवाचं हाय, वेळ लागतो!"

न्हाई फुगले. एक खाली पडला, तर आम्ही आधी फरशी बघितली.

मला रडूच आलं. "मावशी, हे दिले तर टँकर राहिला बाजूला, जीपसुद्धा पुन्हा गल्लीत यायची न्हाई!"

मावशींनी एक स्कोन चावून बघितला. बराच वेळ चावला. "हेच द्यायचे," म्हणाल्या.

*

आमच्याकडं पाहुणा टेकायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. बाईसाहेब आल्या, आणि मावशींनी तांब्या सोडून थेट बशीच पुढं केली! मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

बाईसाहेबांनी मोठा घास घेतला. चावला. पुन्हा चावला. डोळे मोठे झाले. बोलता येईना, हातानंच खूण केली: पाणी!

मावशींनी हात जोडले. "तेवढंच न्हाई बघा गल्लीत, बाईसाहेब."

ड्रायव्हर जीपमधला थर्मास आणायला धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर मंडळाच्या दारात! तेव्हापासून त्याला जरा उशीर झाला की मावशी ओट्यावरून हाक मारायच्या, "अगं होम सायन्स, मैदा काढ!"