क्यालेंडरावरच्या फुल्या

"ओत," अण्णा म्हणाला. "दोन्ही ओत."

मी ओतले. कचेरीच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या समोर. रांजण जड होते, एकटीनं कलत नव्हते, पण हात लावायला कुणी पुढं आलं न्हाई. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. साऱ्या लातुरात घागरीवरून बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आन् मी भरलेले दोन रांजण पायरीवरून खाली सोडून दिले. अर्ज घेऊन आलेल्या खेड्यातल्या दोन बाया पळत आल्या. भांडं नव्हतं त्यांच्याजवळ. एकीनं पदर भिजवला आन् लेकराच्या तोंडात पिळला.

"ते घेऊ नका," अण्णा वरनं ओरडला. "बाटलंय."

बाटलंय म्हणजे माझ्या लुगड्याला डाग पडला होता. मागच्या अंगाला, रुपयाएवढा. मी वाकून घागर रिचवत होते, मला कळलंच न्हाई. एका कारकुनानं बघितलं, त्यानं दुसऱ्याला दाखवलं. मी पदर मागं ओढला तवर सगळ्या कचेरीचं बघून झालं होतं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमीन तर आधीच फाटलेली होती, दुष्काळानं, आन् तिनं कुणाला पोटात घेतलं न्हाई.

मी चाकूरकडची. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला. एवढं सांगितलं की बाकीचं सांगावं लागत न्हाई. नवरा गेला तवा लेक आठ वर्षांची होती. लातूर नवा जिल्हा झाला, भराभरा कचेऱ्या उघडल्या, आन् एका कचेरीत पाणी भरायला रोजंदारीवर मी लागले. अण्णा तिथला हेडक्लार्क. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं गोड. पहिल्या वर्षी पाच-सहा जण घरून फिरकीच्या तांब्यात पाणी आणायचे. का आणायचे, ते मला कळत होतं, त्यांनाबी कळत होतं, बोलायचं कुणी न्हाई. सरकारी कचेरीत जात काढता येत न्हाई. मंग दुष्काळ पडला. घरचे हौद आटले, तांबे यायचे बंद झाले, आन् सगळ्यांना माझ्या हातचं प्यायची पाळी आली. त्यांच्या घशाखाली ते कसं उतरत असंल, त्यांनाच ठाऊक. म्हणून तर तो डाग त्यांना सापडल्यासारखा झाला. जात काढता येत नव्हती, माझी पाळी काढता आली. पण हे मला लई उशिरा उमजलं. त्या दिवशी मला वाटलं, चूक माझीच हाय.

दुसऱ्या दिवशी अण्णानं रांजणाच्या वर खिळा ठोकला आन् क्यालेंडर टांगलं. सुतळीला बांधून एक तांबडी पेन्सील.

"तुझे चार दिवस इथं फुली मारायची," म्हणाला. "फुली असली की रांजणाला शिवायचं न्हाई. अंगण झाड, खोल्या झाड. शिपाई भरंल पाणी. आन् कायम करायच्या लोकांची यादी जाणार हाय, ध्यानात ठेव."

मी मान हालवली. हे सांगताना अजून कान तापतेत. मी हो म्हणले. घरी भिंतीवर कोटातल्या बापाचा फोटो लावलेला, दर चौदा एप्रिलला त्याला हार घालणारी मी, आन् माझ्या हातानं माझ्या फुल्या मारत गेले. सगळ्या पुरुषांच्या डोळ्यांदेखत. येता-जाता एखादा क्यालेंडरकडं बघायचा, म्हणायचा, "आज मोकळी दिसती बाई." दुसरा हसायचा.

त्यात माझी पाळीच बिघडली. चव्वेचाळीसावं लागलं होतं. आधी पंधरा दिवसांत दोनदा आली. मंग आलीच न्हाई, एक म्हैना, दुसरा, तिसरा. क्यालेंडर कोरं. एका दुपारी रांजणातलं पाणी काढायचं ओगराळं धुताना मागून एक कारकून हळूच म्हणाला, "कोरं का गं? कुणाचं हाय?"

माझ्या हातातलं ओगराळं पडलं. रांडपणाला दहा वर्षं झाली होती माझ्या. मी वळून त्याच्या थोबाडीत द्यायला पायजे होती. मी काय केलं? तिथंच पेन्सील घेतली आन् खोट्या चार फुल्या मारल्या, आन् चार दिवस अंगण झाडलं.

त्याच्यापुढं दर म्हैन्याला तेच. अकरा तारखेपासून चौदापर्यंत, ठरल्यासारख्या, सरळ रेघेत. कचेरी गप झाली. अण्णा म्हणाला, "आता कसं रीतसर झालं." मलाबी जरा हुशार झाल्यासारखं वाटलं.

पण अंग कुठं क्यालेंडर वाचतंय. तीन म्हैन्यांनंतर जे सुरू झालं, ते अठरा दिवस थांबलं न्हाई. गाठी पडायच्या. जुनेराच्या तीन-तीन घड्या घेऊन मी पाणी भरायची. फडकी धुवायला पाणी कुठलं? तांब्याभर पाण्यात पिळायची आन् खाटेखाली वाळत घालायची, लेकीला दिसू नये म्हणून. आन् खरं सांगते, रांजणाला हात लावताना मला भ्या वाटायचं. आपण ह्यांना बाटवून राहिलो, आपल्याला पाप लागंल, असं मला मनापासून वाटायचं. एवढी मी खाली गेले होते. एका दिवशी लेक घरातल्या माठातलं पाणी घ्यायला लागली. मला ठाऊक होतं, तिचा दुसरा दिवस. तोंडातून गेलंच, "तू नको घेऊस, मी देते." लेकीनं फोटोकडं बघितलं. मंग पाणी न पिताच भाईर गेली.

खरी भीती निराळीच होती. माझी मावशी बिलोलीला दिलेली. पंचेचाळीशीत तिचं असंच जायला लागलं. ती लाजंनं वर्षभर बोलली न्हाई, आन् बोलली तवा डाक्टर म्हणाले, पिशवीत गाठ हाय, उशीर झाला. घरभर वास सुटला होता तिचा. मला तो वास माझ्या अंगाला यायला लागला. सकाळी उठलं की आधी पोट दाबून बघायची. इथं टणक लागतंय का? काल होतं का हे? पाय दुखला तरी वाटायचं तिथपर्यंत गेलं. केस विंचरताना गुंतवळ निघालं तरी तेच. लेकीचं कसं होईल, हे एकच डोक्यात फिरायचं. आन् विचारायचं कुणाला? विचारलं की फुल्या खोट्या ठरणार, आन् यादीतलं नाव जाणार.

नांदेडला माझी धाकटी बहीण हाय. तिला आडून-आडून कळवलं. तिचा निरोप आला, इथं एक बाईडाक्टर हाय, तारखा विचारतेत, क्यालेंडर असंल तर घेऊन ये. वर्ष सरलं होतं, खिळ्यावर नवं टांगलं होतं, जुनं क्यालेंडर काढून मी घरी आणलेलं होतं. तेच गुंडाळून काखेत मारलं आन् एस्टीनं नांदेडला गेले. अहमदपूर, लोहा, सगळ्या रस्त्यानं घोकत होते: बाई, ह्या फुल्या खोट्या हायत. बाई, ह्या फुल्या खोट्या हायत.

दवाखान्यात बाकड्यावर बाया खेटून बसलेल्या. दारात कंपाउंडर उभा. डाक्टरबाईनं विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" मी दारातल्या कंपाउंडरकडं बघितलं. मी क्यालेंडर टेबलावर पसरलं.

बाईनं शेवटची चार-पाच पानं उलटली. "अहो, सगळ्या बायांनी असं लिहून ठेवलं तर किती बरं होईल," म्हणाली. "अकरा ते चौदा, दर महिन्याला. पाळी तर एकदम व्यवस्थित आहे तुमची. मग भीती कसली?"

मी म्हणले, "काही न्हाई. अशक्तपणा हाय."

ताकदीच्या गोळ्या घेतल्या आन् भाईर आले. त्या टायमालाबी माझं जात होतं. मायला, जीव जाऊन राहिला होता आन् मी डाक्टरपुढंसुद्धा अण्णाची पेन्सील खरी केली. बहिणीनं विचारलं तवा म्हणले, "काही न्हाई निघालं." तिनं गुरुद्वाऱ्याकडं हात जोडले. मला तिच्याकडं बघवलं न्हाई.

मंग एक दिवस अण्णा जेवायला घरी गेला आन् चष्मा कचेरीतच विसरला. मला चष्मा देऊन पाठवलं. नेमकं त्या दिवशी मला काहीच नव्हतं. चार दिवसांपासून अंग कोरडं.

अण्णाची बायको, सगळे तिला अक्का म्हणायचे, समोरच्या खोलीत पाटावर बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, त्याच्यावर बेलाचं पान. भस्माची बोटं पुसत म्हणाली, "थांब माय, दारातच बस. आज पूजेला उशीरच झाला. दुसरा दिवस हाय न माझा, कंबर लई धरलीय."

मला वाटलं, ती निराळं काही म्हणाली असंल. मी विचारलं, "अक्का, दुसरा दिवस? मंग तुमी पूजेला?"

ती हसली. "आमच्यात न्हाई धरत ते. गळ्यात लिंग असल्यावर इटाळ कसला? आत्ताच सगळा सयपाक करून ह्यांना वाढलं की." मंग माझं तोंड बघून म्हणाली, "उन्हाची आलीस. पाणी पितीस का?"

बाई मायाळू होती. तिनं तांब्या आणला आन् वरून धरला. मी उंबऱ्याच्या भाईर उकिडवी बसले आन् ओंजळ केली. सवयीनं. पाणी वरून पडायला लागलं. तिच्या पाळीचा दुसरा दिवस, आन् तांब्या तिच्या हातात. माझं अंग कोरडं, आन् ओंजळ माझी.

तिसऱ्या घोटाला ते माझ्या ध्यानात आलं. पाणी घशातच अडकलं, ठसका लागला. ओंजळ सुटली. अक्का म्हणत होती, हळू पी, हळू पी.

अण्णाला पाळीचा इटाळ नव्हताच. पाळीत केलेल्या भाकरी तो आत बसून खाऊन राहिला होता. मंग ते क्यालेंडर कशाचं होतं? चार दिवस कशाचे होते? ते मी म्हैन्याचे चार म्हणून धरून बसले होते. त्यांना मी तीसही दिवस नको होते. त्या चार दिवसांवर सरकारी कचेरीत बोलता आलं, एवढंच.

चष्मा उंबऱ्यावर ठेवला आन् निघाले. रस्त्यानं मला रडू आलं न्हाई. राग आला, पण अण्णाचा नंतर आला. आधी माझाच आला. दीड वर्ष मी स्वतःला घाण समजले. लेकीचं पाणी तोडलं. मावशीसारखी लाजंनं मरायला निघाले होते, आन् कुणासाठी तर ह्यांच्या रांजणासाठी.

दुसऱ्या दिवशी न विचारता नांदेडची गाडी धरली. तेच बाकडं, तोच कंपाउंडर. मी टेबलापाशी उभी राहूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, ते क्यालेंडर खोटं हाय. मला अठरा दिवस जातंय. गाठी पडतेत. कवा तीन-तीन म्हैने येतच न्हाई. खोट्या फुल्या मी मारल्या, भ्यानं."

बाईनं पेन खाली ठेवला. रागावली, लई रागावली. मंग आत नेऊन तपासलं. पिशवी साफ करून तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस बहिणीकडं पडून होते. त्या आठ दिवसांत मी कितीदा मेले, माझं मला ठाऊक. कागद आला: गाठ न्हाई. बाई म्हणाली, "तुमचं पाळी जायचं वय आलंय. ती अशी पुढंमागं होते. पण इतकं जात असेल तर लगेच यायचं, अंगावर काढायचं नाही. रक्त फार कमी झालंय. आणि आता खरे दिवस लिहायचे." मला बरं वाटलं, न्हाई कशाला म्हणू. पण हात अजूनबी सकाळी पोटावर जातो. भीती एका कागदानं जात न्हाई.

कचेरीत गेले तवा अण्णा क्यालेंडरपाशीच उभा. "आठ दिवस कुठं होतीस? आन् ह्या म्हैन्याच्या फुल्या कुठं हायत?"

मी सुतळी तोडली. तांबडी पेन्सील त्याच्या टेबलावर ठेवली, शेजारी कोरा कागद ठेवला.

"अण्णा, लिहा," म्हणले. "ह्या बाईनं रांजणाला शिवायचं न्हाई. का शिवायचं न्हाई, तेबी लिहा. खाली सही करा, शिक्का मारा."

"असलं कुणी लिहीत असतं का?"

"लिहिता येत न्हाई, मंग सांगता कसं येतं?"

अक्काच्या फुल्या शेजारी मारू का, हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. तिचे दिवस भिंतीवर टांगायला मी अण्णा न्हाई.

अण्णा हळू आवाजात म्हणाला, "यादीत नाव हाय तुझं. इचार कर."

"काढा नाव. पण कारण लिहा."

मी खिळ्यावरचं क्यालेंडर काढलं, रांजणातलं ओगराळंभर पाणी तिथंच उभं राहून प्याले, आन् घागर घेऊन टँकरकडं गेले.

पुढच्या म्हैन्यात हजेरीपटावरून माझं नाव गेलं. यादी माझ्याविना गेली. कागद दिला, त्यावर लिहिलेलं: आवश्यकता नाही. दुष्काळात, पाणी भरणारीची आवश्यकता न्हाई. लेकीनं वाचून दाखवलं. मी तो कागद परत नेऊन दिला. हे कारण न्हाई, म्हणले, खरं कारण लिहा. आता दर सोमवारी जाते. अण्णा मला बघून मान खाली घालतो, फायली हालवतो. मी दारात बसते.

क्यालेंडर घरी फोटोच्या खाली लावलंय. फुल्या खऱ्या मारते, वेड्यावाकड्या, कुठंबी पडतेत. लेक माठातलं पाणी तिच्या हातानं घेते. माझी शेवटची फुली कवा पडंल, ते मला ठाऊक न्हाई. ती पडल्यावरबी मी त्या दारात जाणार हाय. मला कारण लेखी पायजे.