दादाचं खरं वय

औंढ्याच्या मंगल कार्यालयात पेशींचं वय मोजण्याचं शिबिर होतं. आधी दीपप्रज्वलन, मग एकमेकांचे सत्कार. शाली संपल्यावर वक्ते विज्ञानाकडे वळले. ते खोटं नव्हतं. जनुकांवर रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे त्या ठरवतात. वय वाढतं तशा त्या विस्कटतात, आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुकच बंद पडलं तर कर्करोगाला वाट मिळते. एवढं मी वाचलेलं होतं. मग त्यांनी खुणा जागेवर आणणाऱ्या गोळ्या काढल्या. माझा थोरला भाऊ तोवर रक्त देऊन आला होता.

महिन्याने अहवाल आला. कागदावर दादा अठ्ठावन्नचा, पेशींनी एकसष्टचा. गोळ्या ताबडतोब सुरू करा.

मी हसलो. "दादा, तुझी जन्मतारीख एक जून, माझी एक जून, अर्ध्या वर्गाची एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला अन् तारीख टाकली. आई सांगायची त्या हिशोबानं तू एकसष्टचाच आहेस. पेशी बराबर, कागद चुकला. त्या गोळ्या बंद कर, सगळे लुटतात."

दादा खूश झाला. "मंग गालाचा तुकडाबी काहून काढायचा?"

त्याच्या गालात आतून पांढरा डाग होता. तंबाखू नेमकी तिथंच असायची. हिंगोलीच्या दातांच्या डॉक्टरने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं.

"ते रक्त होतं. डाग कोणी पाहिला?"

"त्या डॉक्टरचंबी कमिशन असंल. तूच म्हणून राहिला ना, सगळे लुटतात."

"भावजी," वहिनी म्हणाली, "गोळ्या बंद केल्या, बेस केलं. आता तपासणीबी तुमीच बंद केली."

संशय मीच शिकवला होता, आणि दादाने तो सोयीच्या जागी ठेवला होता.

"जरा डागावर घे संशय," मी म्हणालो. "मी येतो सोबत."

दवाखान्यात चिठ्ठी करणाऱ्या बाईने वय विचारलं. दादा माझ्याकडे वळला. "कोणतं सांगू?"

आत डॉक्टरने वय विचारलंच नाही. आ करायला लावलं, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं आणि तुकडा काढला.

त्याचा निकाल शुक्रवारी आहे. तंबाखूची डबी फेकली, असं दादा सांगतो. मी त्याचा गाल बघतो, वहिनी खिसे.