कच्चं राहिलेलं सिमेंट

पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या फाट्याजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीवर वाकून वाकून मानेचं दुखणं आता कायमचं झालंय. दुपार टळली की उरलेले पेशंट मी तपासत नाही, नुसते उरकते. ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी तर फारच.

गावातल्या एक बाई तेव्हा ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. पन्नाशीच्या, घरची भातशेती सांभाळणाऱ्या, आवाज खणखणीत. त्यांच्या पुढच्या दाताला मी सिरॅमिकची कॅप बसवली. कॅप ज्या सिमेंटनं चिकटते, ते निळ्या दिव्याच्या उजेडानं कडक होतं. मी दिवा समोरून धरला, वेळ संपल्याची बीप एकदा वाजताच बंद केला, आणि त्यांना घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी त्या आल्या, कॅप पदराच्या गाठीत बांधून. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर बोलता बोलता ती निसटून टेबलावर पडली होती.

"समदी हसली," त्या म्हणाल्या. "मी उचलली, मुठीत धरली आन पुढं बोलले. पर तोंडावर हात ठिवून."

"काही कडक खाल्लंत का? सुपारी वगैरे?"

"खाते की थोडी."

"मग तेच कारण."

कारण सापडल्याचं मला बरं वाटलं. पुन्हा तसंच सिमेंट, तसाच दिवा.

महिन्याभरात त्या परत दारात, निघालेली कॅप हातात.

"आता काय खाल्लंत?" मी चिडूनच विचारलं.

"सुपारी त्याच दिशी सोडली. भाकर दुधात कुस्करून खातीया. चनं न्हाईत, ऊस न्हाई. आजून काय सोडू, तेवढं सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी कॅप उलटी करून आत टोकदार हत्यार फिरवलं. कडेचं सिमेंट टणक होतं. मधलं मात्र खरवडताच रबरासारखं निघून आलं. ते शिजलंच नव्हतं.

मी दिव्याचं टोक पुसून बघितलं. जुन्या सिमेंटचा पातळ थर त्यावर वाळून बसला होता. उजेड डोळ्यांना चांगला निळा दिसत होता, त्यामुळे मला कधी शंकाच आली नव्हती. त्यांना दोन दिवसांनी यायला सांगून मी एका वर्गमैत्रिणीकडून दिव्याचा जोर मोजायचं मीटर आणलं. जोर निम्माही उरला नव्हता. त्यातून कॅप जाड. तिच्यातून पलीकडे पोचायला उजेड जास्त वेळ आणि सगळ्या बाजूंनी द्यावा लागतो. हे मी कॉलेजात शिकले होते, विसरलेही नव्हते. हात आखडायचा म्हणून करत नव्हते, इतकंच.

त्या आल्या तेव्हा मी म्हटलं, "चूक तुमच्या खाण्याची नव्हती. माझी होती. माझा दिवा कमजोर झालाय आणि मी तो पुरेसा वेळ धरलाही नाही."

त्या म्हणाल्या, "मंग मला उगाच दूध-भाकरीवर ठिवलं व्हय?"

"हो."

"ठाऊक न्हाई, आसं तवाच म्हनायचं हुतं, डॉक्टर."

नवा दिवा आला. सिमेंटही असं घेतलं, की जे उजेड कमी पडला तरी आपोआप कडक होतं. दिवा पुढून, मागून, दोन्ही कडांनी पूर्ण वेळ धरला. खांद्यात कळ येत होती. बाई तोंड उघडून छताकडे बघत होत्या. ती कॅप टिकली.

मग मी रजिस्टर काढलं. आधीच्या काही महिन्यांत ज्यांना कॅप बसवल्या होत्या, त्यांना एकेक करून फोन लावला. प्रत्येकाला दिव्याची चूक सांगायची, कॅप तपासायला बोलवायचं. एकानं सरळ सांगितलं की तो आता दुसरीकडे जातो. जांबे गावात भाड्यानं राहणारा, कंपनीत कामाला असलेला एक जण म्हणाला, "मॅडम, सुट्टी नाहीये. पडली की बघू." मी त्याला पुन्हा दोनदा फोन केला. तो अजून आलेला नाही.