लांबची म्हैस

आमचे शेजारी रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. लोकांना वाटतं तब्येतीसाठी. खरं म्हणजे फेरी संपते तिथल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध मिळतं. "आदी घाम, मग फेस. असं हाय बघा," हे ते वाटेत रोज ऐकवतात. पावसातसुद्धा डोक्याला पिशवी गुंडाळून निघतात, आणि जाताना माझं दार बडवतात.

गेल्या महिन्यात कट्ट्यावरच्या गवळ्यानं म्हशी थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून बांधल्या. माझी फेरी त्याच दिवशी सुटली. यांचीही सुटणार, असं मी धरून चाललो होतो. पण हे मान वळवून, म्हशीकडं ढुंकूनही न बघता, तरातरा रंकाळ्याकडं गेले. तासाभरानं घामाघूम होऊन परत आले आणि रोजच्याच गवळ्याला परक्यासारखं म्हणाले, "पावणं, हितं जवळपास दूध मिळंल का ओ? लय लांबनं आलोय."

"बसा की," गवळी हसू दाबत म्हणाला.

मी पेला तोंडाला लावून बाजूलाच उभा होतो. त्यांनी आधी माझ्या स्लिपरांकडं, मग मिशीवरच्या फेसाकडं निवांत बघितलं.

"आन् तुमी कुठनं आलायसा, पावणं?"