सव्वा तासाचं अंतर

कापसाची ती वाईट वर्षं होती. वडील जिथं मुनीम होते ती दिग्रसची जिनिंग मिल बंद पडली होती, आणि त्यातच त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी चौथ्या दिवशी पुण्याहून घरी पोचलो, आयुष्यात पहिल्यांदा विमानानं. जेवताना फुशारकीनं म्हणालो, “पुणे ते नागपूर सहाशे किलोमीटरच्या वर, पण विमानाला जेमतेम सव्वा तास. नागपूरहून इथं यायलाच एसटीला पाच तास लागले!”

आई वाढता वाढता थांबली. “मंग ऑपरेशनच्या दिवशी काहून नाही आला?”

निरोप मला वेळेवर मिळाला होता. पण ऑफिसात मोठ्या साहेबांसमोर माझं काम मांडायचं होतं आणि ती संधी मला सोडवली नाही.

खाटेवरून वडीलच बोलले, “इमानाचं तिकीट लवकर भेटत नसन वो. नाही का रे?”

मी “हो” म्हणालो.

पुढचे दोन दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकानं सांगत राहिले, “तिकिटासाठी पोरगं चार दिवस तळमळलं.” मी शेजारी बसून ते ऐकून घेतलं. खरं काय ते त्यांना कधीच सांगितलं नाही.