बाई सायकलवर आली

अकोल्याच्या ज्या दुकानातून सायकल घेतली, त्या दुकानदाराने वर्षभराने फोन करून अनुभव विचारला. नव्या गिऱ्हाइकांना सांगायला बरे पडते, असे त्याचे म्हणणे होते. मी सांगितले की फ्रेम स्टीलची आहे, जड आहे, तक्रार नाही. आणखी काही, असे त्याने विचारले. आणखी काही होते, पण ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

मी एका दैनिकाच्या वाशीम कार्यालयात डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या कापतो आणि पानात बसवतो. घर ते कार्यालय हे अंतर सायकलचेच आहे, म्हणून सायकल घेतली. जाड टायर, गिअर, मागे कॅरिअर, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या मोठ्या पिशव्या. रोजच्या कामाला चालेल आणि लांबच्या प्रवासालाही, असे दुकानदार म्हणाला होता. स्टील तुटलेच तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा कोणीही वेल्डिंग करून देईल, हेही त्याने सांगितले होते. कार्यालयात पहिल्या दिवशी सगळ्यांनी मोटरसायकल विकली का, असे विचारले. ती विकली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकाने बाजूला घेऊन शुगर किती निघाली, असे विचारले.

माझी मालकी फार टिकली नाही. बायको आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या रस्त्यावर एका खेड्यात शाळेवर शिक्षिका आहे. तिकडे जाणारी ऑटो भरल्याशिवाय निघत नाही आणि शाळा ऑटो भरण्याची वाट पाहत नाही. एका सकाळी ती सायकल घेऊन गेली. संध्याकाळी मला सीट खाली केलेली दिसली. मी ती वर केली. सकाळी पुन्हा खाली होती. काही आठवडे सीट अशी वर-खाली होत राहिली, मग मी वर करणे सोडले. पावतीवर माझे नाव आहे. सायकल तिची आहे.

पिशव्यांत वह्या जात, येताना वांगी आणि मेथी येई. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चरचे सामान तिने कायमचे पिशवीत ठेवले. पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडकतो एवढी एक गोष्ट तिला सायकलबद्दल सांगायची असे. बाकी ती सायकलबद्दल बोलत नसे. बोलत असे ती आईबद्दल.

तिचे माहेर मानोऱ्याच्या अलीकडचे एक खेडे. वडील नाहीत. आई, मोठा भाऊ आणि वहिनी असतात. आईला गेल्या काही वर्षांत ऐकू कमी येते. भाऊ फोन लावून आईच्या कानाला धरतो, आई सगळ्याला "हो, हो" म्हणते आणि फोन परत देते. "बरी हाये का?" याला "हो". "औषध संपलं का?" यालाही "हो". फोन ठेवल्यावर बायको काही वेळ स्वयंपाकघरात भांडी लावत बसे. भांडी आधीच लावलेली असत.

प्रत्यक्ष भेट दिवाळीत, राखीला किंवा लग्नकार्यात होई. त्या वेळी घर भरलेले असे आणि आई चुलीपुढे. बायकोला साधा दिवस हवा होता. ज्या दिवशी कोणी येणार नाही, काही तळायचे नाही आणि आईपाशी बसता येईल असा. हे तिने मला अनेकदा सांगितले होते. मी अनेकदा मोटरसायकलवर सोडतो म्हटले होते.

"तुमी आले की तुमाले पाटावर बसवतात," ती म्हणाली. "मंग माय भजे तळत बसते. मंग कोंबडं शोधाले मानूस धाडतात. मले मायसंगं बोलाचं आहे."

हे खरे होते. जावई दारात आला की त्या घरात सण सुरू होतो, तारीख कोणतीही असो.

हिवाळा लागला होता. सोयाबीन निघाले होते, तुरी उभ्या होत्या. एका शुक्रवारी जेवताना ती म्हणाली की उद्या सुट्टी आहे, मी माहेरी जाऊन येते, सायकलने. मी डेस्कवरचा माणूस विचारतो ते सगळे विचारले. रस्ता कसा, पाणी कुठे, मुक्काम किती, पंक्चर झाले तर काय. तिच्याकडे उत्तरे तयार होती. सकाळी तिने एका पिशवीत कपड्यांचा जोड, डबा आणि गुडघ्याला लावायचे तेल ठेवले, दुसरीत आईसाठी घेतलेली शाल आणि पोळ्या लाटायचा नवा पोळपाट. पोळपाटामुळे ती पिशवी फुगली. वाटेत मंगरूळपीरहून तिचा फोन आला. चहा घेतला, पाय ठीक आहेत, असे म्हणाली. मी कार्यालयात गेलो.

तिकडे काय झाले ते मला नंतर बायकोने आणि तिच्या वहिनीने वेगवेगळे सांगितले. दोन्ही हकिकती जुळतात. फरक फक्त अंगणात किती बायका जमल्या याबाबत आहे.

बायको दुपारी गावात शिरली. सलवार-कुर्ता, डोक्यावर हेल्मेट, तोंड धुळीने भरलेले, सायकलच्या दोन्ही बाजूंना गच्च पिशव्या. सोबत नवरा नाही. सण नाही. त्या गावात लेक माहेरी येते तेव्हा कोणी तरी आणलेली असते किंवा कोणी तरी पोचवलेली असते. एकटी, न कळवता, सामानासकट आलेल्या लेकीचा अर्थ तिथे एकच होतो. शेजारणी आपापली कामे सोडून आल्या आणि काही न विचारता उभ्या राहिल्या. वहिनीने पाणी दिले, पाय धुवायला सांगितले आणि पिशव्या आत नेल्या. त्यातून पोळपाट निघाला. संसारातला पोळपाटसुद्धा उचलून आणला, असे एक शेजारीण हळू आवाजात म्हणाली.

आईने तिला आतल्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले. आपल्याला ऐकू येत नाही तसे जगालाही येत नसावे, अशा आवाजात आई बोलते.

"मारलं काय वं त्यानं तुले?"

"नाई वं माय!"

"आं?"

"नाई मारलं! मी सोताहून आली! तुले भेटाले!"

"दारू पेते काय?"

"नाई!"

"लपवू नको, माय. मी हाये अजून जित्ती."

गल्लीने दोन्ही बाजू ऐकल्या. विश्वास आईच्या बाजूवर बसला.

बायकोला ज्यासाठी यायचे होते ते त्या दिवशी घडले नाही. आई तिच्याजवळ बसली होती, पण बोलत नव्हती. डोक्यावरून हात फिरवत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. वहिनीने गोड केले. दुःखात गोड का, असे बायकोने विचारले तेव्हा वहिनी म्हणाली, "खाऊन घ्या. मंग बोलू." आपल्याला फक्त बसायचे आहे, हे बायकोने भावाला तीन-चार प्रकारे सांगितले. भावाने प्रत्येक वेळी मान डोलावली.

संध्याकाळी भावाने गावच्या माजी पोलीस पाटलांना बोलावले. गावातल्या नवराबायकोच्या भांडणांत अजूनही त्यांनाच विचारतात. त्यांनी आधी अंगणात लावलेली सायकल पाहिली, टायर दाबून पाहिले, मग बोलले.

"बसनं आलेली लेक दोनतीन रोजात परत जाते. हे पोरगी बसची वाट पाहालेही थांबली नाई. मामला मोठा हाये."

त्यानंतर भावाचा मला फोन आला. मी पान लावत होतो.

"काय चालू हाये, जवाईबापू?"

"सोयाबीनच्या भावाची बातमी."

"हो. बाकी?"

"बाकी ठीक."

"बाई इकडं आली हाये."

"पोचली का? बरं झालं."

मग भाऊ म्हणाला, "बरं झालं म्हन्ता?"

"हो. मला काळजी होती, मधेच अडकते का म्हणून."

"अडवलं असतं तं अडकली असती," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाक्य कळले नाही. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको परत निघायला सायकलपाशी गेली तर सायकल तिथे नव्हती. ज्या पिकअप गाडीतून भाऊ माल मानोऱ्याच्या बाजारात नेतो, तिच्यात सायकल पोत्यांच्या दोराने आवळून बांधलेली होती.

"मी आली तशी जातो, भाऊ."

"लेकीले सायकलवर धाडलं म्हनून तोंड कुठं दाखवू मी?"

"आली तं सायकलवरच ना?"

"आली ते तुयी मजबुरी. धाडू तं आमची इज्जत जाते."

पाटील मागे, सायकलशेजारी बसले. आई कोणाला न विचारता आधीच ड्रायव्हरशेजारी बसली होती.

रविवार होता. मी दार उघडले तेव्हा हे सगळे ओळीने उभे होते आणि मागे बायको पिकअपवर चढून दोर सोडत होती. दोराने फ्रेमचा रंग एका ठिकाणी खरवडला होता. त्या सायकलला आजवर झालेली इजा एवढीच आहे आणि ती प्रवासात झाली नाही.

पुढच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. बायको आईला घेऊन आत गेली. पाटलांनी चहा हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"दारू?" त्यांनी विचारले.

"नाही."

"पत्ते?"

"नाही."

"आनखी काही?"

"नाही."

काही हाती लागले नाही की बातमीदाराचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले.

"हे मोटरसायकल कोनाची?"

"माझी."

"चालू हाये?"

"आहे."

पाटलांनी भावाकडे पाहिले. भावाने खाली पाहिले. घरात चालू मोटरसायकल असताना बायकोला सायकलवर जावे लागले, हे त्यांना पुरेसे होते. मी म्हटले की सायकल तिला आवडते. पाटील म्हणाले, "तसं सगळ्या बाया म्हन्तात." मी विचारले, अशा किती बायका त्यांनी पाहिल्या आहेत. हा प्रश्न विचारायला नको होता, असे भावाच्या चेहऱ्यावरून वाटले.

आतून आवाज येत होते. आईने पिशवीतून तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या आणि दोघी मागच्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. आईचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण विषय आमचा नव्हता. म्हैस आटली होती. शेजारच्या सुनेने वेगळी चूल मांडली होती. रात्री उजवा पाय आखडतो आणि कोणाला उठवावे ते कळत नाही. बायकोचा आवाज ऐकू येत नव्हता. आईच्या डाव्या कानाशी तोंड नेले तर ओरडावे लागत नाही, हे तिला त्या दुपारी शेंगा सोलताना कळले. भाऊ फोन नेहमी उजव्या कानाला लावायचा.

पाटलांनी चहा पिऊन निकाल दिला. मागचे विचारायचे नाही. मात्र जवाईबापूंनी शब्द द्यावा की बाई यापुढे सायकलवर बसणार नाही. मी म्हटले, सायकल माझी नाही, तिला विचारा. त्यांनी तिला बोलावले. ती दारात आली. हातात शेंगेचे टरफल होते. तिने पाटलांचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, कालपासून सांगून राह्यली, काही झालंच नाई. मी..."

तिच्यामागून आई बाहेर आली. पाटलांचे तिने ऐकले नव्हते. तिचे तिने ठरवले होते.

"तुमी जा," ती भावाला म्हणाली. "मी राह्यतो इथं. हा कसा वागते ते पाह्यतो. पोरीचं नीट झाल्याबिगर मी येत नाई."

बायकोचे वाक्य अर्धे राहिले होते. ते पूर्ण करायला तिने तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मिटले. ती मान खाली घालून उभी राहिली. तशी ती आमच्या लग्नातही उभी राहिली नव्हती.

"राहू द्या त्यांना," मी म्हटले.

पाटलांना हे पटले. घरात मोठे माणूस असले की पुरुष दबून राहतो, असे ते म्हणाले. सायकलबद्दल शब्द घ्यायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. पिकअप ऊन उतरायच्या आत गेली.

बायको सकाळी सायकलने शाळेत जाते. आई फाटकापर्यंत येते आणि ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. संध्याकाळी दोघी मागच्या दारात बसतात. मेथी निवडतात, शेंगा सोलतात, काही नसले तर नुसत्या बसतात. मी कार्यालयातून आलो की आई माझे तोंड निरखून पाहते आणि मोठ्याने विचारते, "आज भांडले तं नाई?" मी नाही म्हणतो. ती मुलीकडे पाहून खात्री करून घेते.

परवा आम्ही जेवायला बसलो असताना भावाचा फोन आला. घ्यायला येऊ का, असे त्याने विचारले असावे.

"अजून नको, भाऊ," बायको म्हणाली. "तसे ठीक हायेत. पन अजून थोडं बाकी हाये."

मी जेवत होतो. तिने माझ्याकडे न पाहता माझ्या ताटात अर्धी भाकर वाढली.

"काय म्हन्ते तो?" आईने विचारले.

बायको तिच्या डाव्या कानाशी वाकून काही तरी बोलली. आईने माझ्याकडे नीट पाहून घेतले.

"सुधरून राह्यला," ती म्हणाली. "पन वेळ लागन."

शेजारच्या घरात कोणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला.