जाळ्यातले बारा बॉम्ब

“अनसेफ लिहा, सही करा, विषय संपला,” हॉलचे सेक्रेटरी म्हणाले. आमचे साठेसाहेब माझ्याकडे बघेनात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्यातल्या त्या हॉलमध्ये बाळकुमच्या निर्मला नावाच्या कलाकार मुलीने युद्धावर प्रदर्शन मांडलं होतं. कोळ्यांच्या जाळ्यात पत्र्याचे बारा बॉम्ब, नाकं खाली करून छताला टांगलेले. खाली चटई आणि चार रिकामी ताटं. बघायला येणाऱ्यांनी त्या ताटांपुढे बसायचं. कुणी देणगीदार म्हणाले, हा सैनिकांचा अपमान. पण तसं लेखी द्यायची सेक्रेटरींची हिंमत नव्हती. म्हणून त्यांना आमचा कागद हवा होता. आमचं ऑफिस डोंबिवलीत, काम स्ट्रक्चर तपासायचं. मी तिथली इंजिनिअर.

“टेस्ट केल्याशिवाय सही नाही,” मी म्हटलं.

“जोशीबाई, उगाच ताणू नका,” साठेसाहेब पुटपुटले.

लोड टेस्ट सोपी असते. जेवढं वजन टांगायचं त्याच्या दीडपट टांगायचं, एक दिवस थांबायचं आणि किती झोल आला, म्हणजे किती खाली आलं, ते मोजायचं. बॉम्ब उतरवून जाळ्यात वाळूच्या गोण्या भरल्या. जाळं निर्मलाच्या वडिलांनी विणलेलं. मी एकेक गाठ ओढून बघत होते, तर ते म्हणाले, “बाय, या जाल्यान जिताडा मासा धडपडला तरी गाठ सुटली नाय. तुजी वालू तर गप बसलीय.”

दुसऱ्या दिवशी मोजलं. हुक, दोर, जाळं, सगळं मर्यादेत.

“आकडे ठीक आहेत हो,” सेक्रेटरी म्हणाले, “पण खाली बसलं की भीती वाटते. लोक घाबरतील.”

“त्यासाठीच टांगलेत ते,” निर्मला म्हणाली.

माझं डोकं फिरलं होतं. बॉम्ब परत चढवल्यावर मी चपला काढल्या, चटईवर बसले आणि मांडीवरच रिपोर्ट लिहिला. मध्येच वर बघितलं. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आकडे माझेच होते, तरीही. ‘सेफ’ लिहिलं आणि सही ठोकली.

“बंद करायचं तर खुशाल करा,” मी सेक्रेटरींना म्हटलं. “पण तुमच्या सहीने. माझ्या नाही.”

ती सही करायला कोणी पुढे आलं नाही. प्रदर्शन आठवडाभर चाललं. शेवटच्या दिवशी सेक्रेटरी स्वतः आले, चटईच्या कडेला उभ्याउभ्याच वर बघत राहिले आणि तिथूनच परत गेले. त्या हॉलचं काम आम्हाला पुन्हा मिळालं नाही. साठेसाहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नव्या इंजिनिअरांना मी आजही सांगते, भीती वाटते म्हणून स्ट्रक्चर अनसेफ होत नाही. आणि साहेबांना भीती वाटते म्हणून तर नाहीच नाही.